त-त-प-प

मराठीत एखाद्याला खोटं पाडायचं असेल तर पुरावा लागत नाही. 'विचारल्यावर नुसता त-त-प-प करायला लागला,' एवढं म्हटलं की केस खल्लास! पिक्चरमधला चोर हवालदारापुढे त-त-प-प करतो. उशिरा घरी आलेला नवरा दारातच त-त-प-प करतो. आणि भीती वाटली की 'बोबडी वळते'. थोडक्यात, आपल्या भाषेनं निकाल आधीच देऊन टाकलाय. जो अडखळतो तो एक तर घाबरलेला असतो, नाहीतर थापा मारत असतो.

तर मंडळी, मी रोज त-त-प-प करतो. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना करतो, ऑफिसच्या कॉलवर करतो आणि सगळ्यात जास्त स्वतःचं नाव सांगताना करतो. स्वतःच्या नावाबद्दल कोण कशाला थाप मारेल?

या पानावर दर आठवड्याला मी तुमच्याशी बडबड करत असतो. लिहिताना गाडी सुसाट सुटते, त्यामुळे तुम्हाला पत्ता लागायचं काही कारणच नव्हतं. आज मुद्दाम सांगतोय. १९९८ पासून दरवर्षी २२ ऑक्टोबरला जगभर तोतरेपणाबद्दल जागृतीचा दिवस पाळतात, त्याची समुद्री हिरव्या रंगाची रिबिनही असते. पण आपल्याकडे या विषयावर रिबिनी कमी आणि जोक जास्त. म्हटलं, आपणच फंडा क्लिअर करू या.

आधी एक हिशेब. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एक जण अडखळत बोलतो, जगात कुठेही जा. सकाळच्या गर्दीच्या बोरिवली-चर्चगेट फास्टमध्ये पाचएक हजार माणसं कोंबलेली असतात. म्हणजे एका गाडीत आम्ही पन्नास जण! तुम्हाला दिसत नाही, कारण आम्ही गप्प असतो.

गैरसमज १ : घाबरतो म्हणून अडखळतो

हा सगळ्यांचा बाप. पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत समोरचे साहेब अगदी प्रेमानं म्हणाले, 'घाबरू नकोस, पाणी पी.' मी पाणी प्यायलो. पाण्यानं काय होणार? पुढचा शब्द तिथेच अडकला. आठवड्यानं निरोप आला की मुलगा हुशार आहे, पण कॉन्फिडन्स कमी आहे. त्यांच्या एकाही प्रश्नाचं उत्तर चुकलं नव्हतं.

खरी गोष्ट अशी आहे, की तोतरेपणा बहुतेकांना २ ते ५ वर्षांच्या वयात सुरू होतो. मूल नुकतं वाक्यं जोडायला लागलेलं असतं. तेव्हा ना इंटरव्ह्यू असतो, ना बॉस. मेंदूच्या स्कॅनमधून दिसलंय, की बोलण्याची आखणी करणारे आणि ते योग्य क्षणी सोडणारे भाग ज्या तंतूंनी जोडलेले असतात, त्यांची जडणघडण अडखळणाऱ्यांमध्ये थोडी वेगळी असते. म्हणजे शब्द ठाऊक असतो, जीभ ठणठणीत असते, फक्त 'आता सोड' हा इशारा वेळेवर मिळत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर विद्याविहार आणि घाटकोपरच्या मध्ये उभी राहिलेली गाडी. मोटरमन हुशार, रूळ सलग, वीजही चालू. सिग्नल मिळाला नाही, बस्स. आता आतल्या माणसांनी कितीही 'चल ना यार' म्हटलं तरी गाडी हलते का?

आणि हे अडकणं तीन तऱ्हांचं असतं. एक, पहिलाच आवाज पुन्हापुन्हा येतो, 'म-म-म-मरोळ'. दोन, आवाज ताणला जातो, 'साऽऽऽकीनाका'. तिसरी तऱ्हा तुम्हाला ऐकूच येत नाही. तोंड उघडं, श्वास अडकलेला, आवाज शून्य. फोनवर हे झालं की पलीकडचा 'हॅलो? हॅलो?' करून ठेवून देतो. माझे अर्धे फोन असेच संपतात.

भीती असते का? असते ना! पण ती नंतर येते. शाळेत हजेरीला 'येस टीचर' अडकलं आणि चाळीस पोरं हसली, की दुसऱ्या दिवशी हजेरी सुरू व्हायच्या आधीच पोटात गोळा येतो. ताण वाढला की अडखळणं वाढतं, हे खरंच. मात्र ते मुळात भीतीतून जन्मत नाही. आधी शब्द अडकतो, मग कुणीतरी हसतं, मग भीती बसते. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गैरसमज २ : तोतरा आणि बोबडा, एकच ना?

नाही बॉस! 'कमीने' (२००९) आठवतोय? विशाल भारद्वाजचा, आपल्या मुंबईतच घडणारा. त्यात शाहिद कपूरचा डबल रोल आहे. चार्ली 'स'चा 'फ' करतो, म्हणजे तो बोबडा. त्याचा जुळा भाऊ गुड्डू शब्दावर अडकतो, म्हणजे तो तोतरा. एकाचा उच्चार बदलतो, दुसऱ्याचा उच्चार नीट असतो पण सुटत नाही. दोन्हींची कारणं वेगळी, उपचारही वेगळे. आणि मला त्या पिक्चरमधलं जाम आवडलेलं म्हणजे, स्वीटी भोपे नावाची मराठी मुलगी या गुड्डूच्याच प्रेमात पडते!

एरवी आमच्या वाट्याला काय येतं? 'डर'मध्ये (१९९३) शाहरुखचा राहुल 'क'वर अडखळला आणि त्यानंतर देशातल्या प्रत्येक गॅदरिंगमध्ये तीच नक्कल. 'गोलमाल ३'मध्ये (२०१०) आपला श्रेयस तळपदे अडखळायचा आणि थिएटर हसायचं. मीही हसलोय, टायमिंग सॉलिड होतं. पण दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कुणी ना कुणी तो सीन माझ्यावर ट्राय करतंच.

गैरसमज ३ : जीभ जड आहे

आजीनं मला वेखंड उगाळून चाटवलं होतं. काकांनी तोंडात गारगोट्या ठेवून बोलायचा सल्ला दिला होता. हा सल्ला थेट ग्रीसहून आलाय. डेमॉस्थेनिस नावाचा जुना वक्ता तोंडात खडे धरून भाषणाचा सराव करायचा, अशी कथा आहे. सव्वादोन हजार वर्षांहून जास्त काळ लोक एकमेकांना हेच सांगतायत. पोराच्या घशात खडा अडकला तर मात्र धावाधाव करावी लागेल, तेव्हा प्लीज, नको.

डॉक्टरमंडळीही मागे नव्हती. १८४१ मध्ये बर्लिनचे नामांकित सर्जन डिफेनबाख यांनी तोतरेपणावर इलाज म्हणून चक्क जिभेवर शस्त्रक्रिया केल्या, तेही भूल देण्याचं तंत्र यायच्या आधी! उपयोग अर्थातच झाला नाही.

जीभच दोषी असती, तर गाताना काय होतं सांगा? मी गणपतीत आरत्या खड्या आवाजात म्हणतो, एका अक्षरावर अडखळत नाही. चारचौघांबरोबर एका सुरात बोललो की अडखळत नाही. एकटा असताना किंवा शेजारच्या कुत्र्याशी गप्पा मारताना तर वक्ता दशसहस्रेषु! हे जवळपास सगळ्या तोतऱ्या माणसांचं होतं. जीभ तीच असते, फक्त तेव्हा मेंदू बोलण्याची वेळ वेगळ्या पद्धतीनं साधतो.

गैरसमज ४ : आईबापांचं काहीतरी चुकलं

माझ्या आईला हा गैरसमज खूप महागात पडला. 'तू याला रागावलीस का?', 'नोकरी करतेस, घरी लक्ष नाही', 'डावखुरा होता, उजव्या हातानं लिहायला लावलं ना!' मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक मजल्यावर वेगळं निदान होतं. ती बिचारी आजही मधेच विचारते, माझ्यामुळे झालं का रे?

नाही, आई. २०१० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास करून तोतरेपणाशी संबंध असलेली तीन जनुकं दाखवून दिली. २०२५ मध्ये त्याहून खूप मोठा अभ्यास आला. १० लाखांहून जास्त माणसांची जनुकीय माहिती तपासली आणि तोतरेपणाशी जोडलेल्या ५७ जागा सापडल्या. त्यातली एक ठळक जागा ताल धरण्याच्या क्षमतेशीही संबंधित आहे. एकच जनुक आणि एकच कारण असं नसतं, पण हे घराण्यातून येऊ शकतं, आईच्या ओरडण्यातून नाही. आमच्याकडे बाबांचे आजोबा 'फार कमी बोलायचे' असं सगळे सांगतात. आता मला अंदाज आलाय, का कमी बोलायचे ते!

मग घरच्यांचा आणि समाजाचा काहीच संबंध नाही? आहे, आणि तो फार महत्त्वाचा आहे. १९३९ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका अनाथाश्रमात २२ मुलांवर एक प्रयोग झाला. ज्यांचं बोलणं अगदी नीट होतं अशा काही मुलांना मुद्दाम सांगण्यात आलं, की तुमच्यात तोतरेपणाची लक्षणं दिसतायत, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. मुलं खरोखरची तोतरी झाली नाहीत. पण ती गप्प झाली. बोलायला लाजू लागली, अभ्यासात मागे पडू लागली. हा प्रकार कित्येक वर्षं दडून राहिला. २००१ मध्ये वर्तमानपत्रात छापून आला तेव्हा विद्यापीठानं माफी मागितली आणि २००७ मध्ये राज्य सरकारनं ९ लाख २५ हजार डॉलरची भरपाई मान्य केली.

या प्रयोगातून काय कळलं? टोकण्यानं तोतरेपणा येत नाही, पण माणूस मुका होऊ शकतो. मघाचा तो क्रम आठवा. शब्द अडकणं हे माझं मी बघून घेईन. त्यानंतरचं हसणं आणि भीती ही मात्र ऐकणाऱ्यांची देणगी आहे.

लपवाछपवीचा खर्च

ही देणगी सांभाळताना माणूस काय काय करतो, ऐका. माझा 'म' अडकतो आणि मी राहायला मुलुंडला! कॉलेजात असताना मी कितीतरी वेळा ठाण्याचं तिकीट काढलंय, कारण 'ठाणे' पटकन निघायचं. एका स्टेशनाचे जास्त पैसे, केवळ एका अक्षरापायी. हॉटेलात मिसळ हवी असायची, पण मित्रानं इडली मागितली की मी 'सेम' म्हणायचो. समोर येणारा अवघड शब्द लांबूनच ओळखायचा आणि त्याच्या आधी वळण घ्यायचं, यात आमचा हात कुणी धरणार नाही.

आता तिकीट मोबाइलवर निघतं, जेवण अॅपवर येतं, रिक्षासुद्धा न बोलता दारात उभी राहते. २०१४ मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली तेव्हा स्मार्ट कार्ड टेकवून निघताना मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. सोय जबरदस्त आहे. पण अख्खा दिवस एक शब्द न बोलता पार पाडता येतो आणि त्यालाच आपण 'आज बरा गेला' म्हणतो, हे लक्षात आल्यावर जरा चरकलो. शिवाय जिथे बोलावंच लागतं ते टळत नाही. बँकेच्या हेल्पलाइनवरचं यंत्र म्हणतं, 'कृपया आपली अडचण सांगा.' मी 'म-म-' म्हणेपर्यंत ते म्हणतं, 'माफ करा, समजलं नाही.' माझीही तीच अडचण आहे, ताई!

गैरसमज ५ : १५ दिवसांत कायमचा बरा

'तोतरेपणावर हमखास इलाज' छाप जाहिरात दिसली की खिसा सांभाळा. आजच्या घडीला यावर मान्यताप्राप्त असं एकही खास औषध नाही. स्पीच थेरपीचा उपयोग होतो, भरपूर होतो, पण ती जिमसारखी असते. सराव सोडला की पुन्हा वजन चढतं. शब्द हलक्या आवाजात सुरू करणं, जोर न लावता अडखळणं, श्वासाची घाई कमी करणं, असं बरंच त्यात शिकवतात.

आपल्या मुंबईत तर यासाठी जुनी आणि पक्की ठिकाणं आहेत. मुंबई सेंट्रलच्या नायर हॉस्पिटलमध्ये १९६० च्या दशकात स्पीच थेरपीचं शिक्षण सुरू झालं, देशातल्या अगदी पहिल्या केंद्रांपैकी ते एक. बांद्रा रेक्लमेशनला १९८३ पासून केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था आहे. खासगी थेरपिस्टकडे जात असाल तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, एवढं बिनधास्त विचारा.

लहान मुलांचं काय? शंभरातली पाचएक मुलं काही काळ अडखळतात आणि त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश मुलांचं ते आपोआप जातं. म्हणून 'मोठा झाला की जाईल' हे बऱ्याचदा खरं ठरतं, नेहमी नाही. सहा महिन्यांहून जास्त टिकलं, घरात आणखी कुणाला असेल, किंवा बोलताना मुलाचा चेहरा ताणला जात असेल तर थांबू नका. लहान वयात थेरपी सर्वात छान लागू पडते.

आणि मोठ्यांसाठी? २००८ च्या आसपास 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन', म्हणजे 'तीसा', सुरू झाली. वेगवेगळ्या शहरांतले तोतरे लोक एकत्र जमतात, बोलतात आणि एकमेकांचं पूर्ण ऐकून घेतात. अशाच एका गटाबरोबर मी एका रविवारी घाटकोपर स्टेशनबाहेर उभा होतो. टास्क असा की दहा अनोळखी माणसांना रस्ता विचारायचा, आणि मुद्दाम अडखळत विचारायचा! आयुष्यभर जे लपवलं ते भर रस्त्यात स्वतःहून करायचं. पहिल्या माणसाजवळ जाताना पाय लटपटत होते. 'म-म-मेट्रोचा जिना कुठे?' त्यानं बोट दाखवलं आणि निघून गेला. दुसऱ्यानंही तेच. एक कॉलेजची मुलगी फिस्कन हसली. एका भाजीवाल्या मावशी शांतपणे थांबल्या, मी पूर्ण बोललो आणि मग त्या म्हणाल्या, 'तिकडं, बँकेच्या बाजूनं. आणि दम खा की, मेट्रो काय पळून जाते का?' दहापैकी एक जण हसला. मी उगाचच आयुष्यभर दहाच्या दहा धरून चाललो होतो.

गैरसमज ६ : असल्यांनी बोलण्याचं काम करू नये

हृतिक रोशन. जुहूचा. तोंडी परीक्षेच्या दिवशी शाळेला दांडी मारायचो, हे त्यानंच मुलाखतींमधून सांगितलंय. स्टार झाल्यावरही तो बोलण्याचा सराव करत राहिला. अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जो बायडेन लहानपणापासून अडखळायचे. आणि माझे लाडके म्हणजे केरळचे पहिले मुख्यमंत्री ई.एम.एस. नंबुद्रीपाद. त्यांना कुणीतरी विचारलं, तुम्ही नेहमीच अडखळता का? ते म्हणाले, छे, फक्त बोलताना! असा किस्सा सांगतात. मला हे उत्तर वेळेवर सुचलं असतं तर किती बरं झालं असतं... अर्थात सुचलं तरी निघालं असतं का, हा प्रश्न आहेच.

पण प्रत्येकानं हृतिक व्हायलाच हवं असंही नाही. आम्हाला नोकरी हवी, प्रमोशन हवं, मीटिंगमध्ये आपली आयडिया आपल्याच तोंडानं मांडायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'वाचा व भाषा दोष' आहे, पण त्याच्या व्याख्येत तोतरेपणाचं नाव नाही. त्यामुळे इंटरव्ह्यूत चार सेकंद जास्त मिळतील की नाही, हे समोर बसलेल्या माणसावर अवलंबून असतं. यातले बरेच जण हे पान वाचतात, म्हणून हा आटापिटा!

मग करायचं काय?

वाक्य पूर्ण करून देऊ नका. तुम्ही 'मुंब्रा' म्हणता, मला 'मुलुंड' म्हणायचं असतं, मग दुप्पट काम.

'रिलॅक्स', 'हळू बोल', 'श्वास घे' हे शब्द सुट्टीवर पाठवा. हेतू चांगला असतो, ठाऊक आहे. पण ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की माझं अडखळणं तुम्हाला खुपतंय.

नजर चोरू नका, मोबाइलही काढू नका. काय म्हणतोय ते ऐका, कसं म्हणतोय ते राहू दे.

फोनवर 'हॅलो'नंतर शांतता असेल तर ठेवायच्या आधी पाच आकडे मोजा.

इंटरव्ह्यू घेत असाल तर सुरुवातीलाच सांगा, 'घाई नाही, वेळ घ्या.' आणि मग खरंच वेळ द्या.

पुढच्या सोमवारी तुमच्या टीमच्या कॉलवर कुणीतरी नवीन येईल. ओळखपरेड सुरू होईल. एका चौकोनात एक चेहरा ओठ दाबून गप्प दिसेल. तेव्हा 'आवाज येत नाहीये, म्यूटवर आहेस का?' असं लगेच विचारू नका. थांबा जरा. नाव येतंय.